फुंकरबाबांची लाल भुकटी

"थांबलं! रक्त थांबलं!"

जेवणाच्या सुट्टीत आमच्या आरशांच्या कारखान्यात एकच गलका उठला. काचा कापणाऱ्यांना ओरखडे नवे नाहीत. नवे होते ते फुंकरबाबा. कापलेल्या बोटावर ते डब्यातली लाल भुकटी टाकायचे, गाल फुगवून फुंकर मारायचे, की वाहतं रक्त थबकायचं. वर बजावायचे, "नवव्या दिवशी खपली गळेल! पण पाणी लावलंत, तर जखम उडी मारून घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या अंगात शिरेल. माझ्या शब्दाबाहेर रक्तही नाही आणि रोगही नाही!"

लोक हात जोडून उभे राहायचे. मी मनात म्हणायची, फुंकरीने जखमा भरत असत्या तर लोहाराचा भाता केव्हाच डॉक्टर झाला असता.

माझी थोरली बहीण तिथेच काचेच्या कडा घासायची. एक दिवस तिच्या उजव्या तळहातात काच घुसली. बाबांनी भुकटी दाबून भरली आणि फुंकर मारली.

तिसऱ्या दिवशी ताई डाव्या हाताने जेवताना दिसली.

"हात दाखव."

"काही नाही गं."

हात मनगटापर्यंत सुजला होता. तव्यासारखा तापला होता.

"ताई, धुऊया हे."

तिने हात छातीशी आवळला. "वेडी आहेस का? माझ्या पोरीवर जाईल ते!"

सहा वर्षांची भाची शेजारच्या खोलीत गुणगुणत चित्र रंगवत होती. खोटं कशाला बोलू? मीही घाबरले. बाबांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण त्या पोरीचं नाव निघालं आणि माझी अक्कल रजेवर गेली. मी तिचा हात तसाच सोडला. ती माझी चूक.

पाचव्या दिवशी ताईला हुडहुडी भरली. मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत होती. ती बघून मात्र मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

"धुऊ नका, पाया पडते तुमच्या!" ताई किंचाळली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा खांदा घट्ट धरला. "अजून उशीर केला असतात, तर हातच काय, जीवही धोक्यात आला असता." जखम धुतली तेव्हा ट्रेमध्ये विटेचा चुरा पडला आणि काचेची बारीक कपची.

"मग बाबांकडे गेलेल्या बाकीच्यांच्या जखमा कशा बऱ्या झाल्या?" मी विचारलं.

"आपल्या आपण. कापलं की रक्तातले बारीक कण एकमेकांना चिकटून भोक बुजवतात; तेच वाळून खपली होते. पांढऱ्या पेशी आत शिरलेल्या जंतूंना गिळतात आणि खपलीखाली कडेकडेने नवी कातडी सरकत येते. लहान जखम आठ-दहा दिवसांत भरतेच. राबतं शरीर, मिरवतो बाबा! पण आत घाण कोंडली, की शरीरही हरू शकतं."

"आणि रक्त झटकन थांबतं ते?"

त्या हसल्या. "ते तुमच्या न्हाव्याला विचारा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कोपऱ्यावरच्या न्हावीकाकांना कारखान्यात घेऊन गेले. त्यांनी बाबांच्या डब्यातली कणभर भुकटी जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. "अहो, ही तर तुरटी! दाढी करताना कापलं की मी रोज लावतो. कातडी आकसते, रक्त थांबतं. हिच्यात रंगाला वीट कुटून घातलीय, एवढंच."

"पाखंडी!" फुंकरबाबा गरजले.

माझं मनगट त्याच सकाळी खरचटलं होतं. सगळ्यांसमोर मी ते नळाखाली धरलं, साबण लावला.

"भोगेल! तुझी भाची भोगेल!"

त्यानंतर रोज सकाळी मी भाचीच्या कपाळाला हात लावून बघायची. सहाव्या दिवशी ती रडत धावत आली, ओठांवर रक्त! माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिने मूठ उघडली. आत दुधाचा दात होता. मी हसता हसता रडले.

आठव्या दिवशी माझी खपली आपोआप गळली. खाली कोवळी गुलाबी कातडी होती. बाबा तोवर डब्यासकट पसार झाले होते. ताईचा हात भरायला मात्र महिना लागला. अंगठा अजून पुरता वळत नाही.

म्हणून सांगते, भीती वाटली तर लाजू नका, मलाही वाटली. पण कापलं तर स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा. सूज चढली, ताप आला, तर तडक डॉक्टर गाठा. आणि लेकराची भीती घालून कुणी तुमची अक्कल बंद करू लागला, तर त्याला चारचौघांत एवढंच विचारा: "कशावरून?"