उजव्या खांद्याची शिवण

अहेरीत सॉफ्टबॉल आला तो एका खोक्यातून. तालुक्यानं हा खेळ खेळावा असा वरून कुठूनतरी आदेश आला आणि त्याच्या मागोमाग खोकं आलं. त्यात दोन बॅटी, काही चेंडू आणि सगळे डाव्याच हाताचे हातमोजे निघाले. उजव्या हाताचे पाठवायचे राहिले असं समजून हेडमास्तर तक्रार लिहायला बसले होते. क्रीडाशिक्षक गावतुरे सरांनी त्यांना समजावलं की उजवा हात फेकायला मोकळा लागतो, खेळच तसा आहे. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण, असंही ते म्हणाले. थोरलीला कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे धाकटीचं फार कौतुक झालं.

चार-पाच वर्षांत पोरी अशा खेळायला लागल्या की गडचिरोलीहून, चंद्रपूरहून बोलावणी येऊ लागली. आता पोरी खेळत असल्या की गावातल्या मोठ्या माणसांना एकच काम उरतं, मत देण्याचं. ते काम कय्यूमभाईच्या टेलरिंगच्या दुकानात चाले. दुकान बस स्टँडसमोर होतं. मत देणारे तिघं होते: स्वतः कय्यूमभाई, वनखात्याच्या रोपवाटिकेत नोकरीला असलेला खुशालभाऊ आणि एसटीचा कंडक्टर मुखरूभाऊ.

नुसतं मत देऊन कंटाळा आल्यावर या तिघांनी एक खेळ काढला. त्याला ते कागदी टीम म्हणत. दिवाळीनंतर प्रत्येकानं तालुक्यातल्या पाच पोरी निवडायच्या. निवडायच्या म्हणजे नावं घ्यायची. पोरींना बहुधा त्याचा पत्ताही नसे. मग हंगामभर त्या मैदानावर जे करतील त्याचे गुण निवडणाऱ्याच्या नावावर. हे सगळं शर्टपीसच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टाचलेलं असे. शेवटी जो हरेल त्यानं बाकीच्यांना बिर्याणी खाऊ घालायची. मुखरूभाऊ हरला तर वांग्याची भाजी, कारण त्याची आई माळकरी होती.

पहिला नियम, नाव झालेली खेळाडू नव्यानं घ्यायची नाही, चौदाच्या आतलीच घ्यायची; आधीपासून घेतलेलीचं पुढं नाव झालं तर ती ठेवता येई. जिला आज कोणी ओळखत नाही ती उद्या काय होईल हे आज सांगण्यातच खरी गंमत. दुसरा नियम असा की स्वतःच्या घरची पोर घ्यायची नाही. पहिल्या वर्षी मुखरूभाऊनं आपली भाची घेतली होती आणि कोणीही न पाहिलेल्या सामन्यांत तिनं अफाट पराक्रम गाजवले होते.

पोरी पारखायची ज्याची-त्याची रीत होती. खुशालभाऊ त्यांना रोपांसारखं बघे. रोपटं पहिली दोन वर्षं सरळ वाढलं तर पुढची काळजी नाही, असं म्हणून तो पोरगी उभी कशी राहते तेवढंच पाहून परत येई. मुखरूभाऊची भिस्त बसवर होती. सुटलेली बस जी पोरगी दप्तरासकट पकडते तिला तो डोळे झाकून घेई.

कय्यूमभाई मैदानावर जातच नसे. त्याच्याकडे दुरुस्तीचे कपडे येत. अहेरीच्या शाळेचे आणि आसपासच्या आश्रमशाळांचे खेळाचे कपडे तोच शिवे आणि फाटले की ते त्याच्याकडेच येत. आश्रमशाळांची गाठोडी तर मुखरूभाऊच्याच बसनं. गुडघ्यावर फाटलेली पँट म्हणजे घसरत जाऊन बेस गाठणारी पोरगी. कोपरं झिजली म्हणजे जमिनीलगतचा चेंडू न सोडणारी. उजव्या खांद्याची शिवण उसवली म्हणजे लांबून, जीव खाऊन फेकणारी. आणि पँट मागून झिजली म्हणजे राखीव खेळाडू, बाकावर बसणारी. जंगलातल्या एका आश्रमशाळेतली मंगली त्यानं अशीच हेरली. तिचं नाव तालुक्यात कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हा तिच्या शर्टाचा खांदा तिसऱ्यांदा दुरुस्तीला आला होता. ज्या दिवशी मंगली जिल्ह्यात गाजली, त्या दिवसापर्यंत कय्यूमभाईनं तिला पाहिलंसुद्धा नव्हतं.

तो कधी हरत नसे. त्यामुळे गावतुरे सर टीम निवडायच्या दिवसांत दुकानात येऊन बसू लागले. आपण फक्त चहाला येतो, असं ते सांगत. पण त्यांची यादी बाहेर पडली की ती आणि भिंतीवरचा पुठ्ठा यांत फारसा फरक नसे.

कय्यूमभाईची मुलगी नाजिया आठवीत होती आणि शाळेच्या टीममध्ये खेळत होती. दुपारी अब्बांचा डबा घेऊन ती दुकानात यायची, काज-बटणांचं काम असलं तर आतल्या बाजूला बसून करायची, आणि जाताना पुठ्ठ्याकडे बघत नाही असं दाखवत सगळी नावं वाचून जायची. त्यात तिचं नाव नसे. बापाला तिला घेता येत नव्हतं, पण खुशालभाऊला आणि मुखरूभाऊला कोणी अडवलं नव्हतं. ते दोघं दरवर्षी कय्यूमभाईलाच विचारत, पोरगी कशी आहे म्हणून. कय्यूमभाई म्हणे, ठीक आहे, खेळते आपली. धंद्यात आपल्या मालाची तारीफ आपण करायची नसते, ती गिऱ्हाइकानं करायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं. शिवाय त्याला मनापासून तसंच वाटत होतं. नाजियाचा शर्ट दुरुस्तीला कधी आलाच नव्हता. तालुक्यातल्या पोरींचे खांदे उसवत होते आणि ही बाहेर पडायची ती इस्त्री मोडू न देता. जी फाडत नाही ती खेळत नाही, हा त्याचा हिशेब होता.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनच्या हिवाळ्यात, चंद्रपूरला विभागाचे सामने होते. जिल्ह्याच्या टीमसाठी गावतुरे सरांनी नावं द्यायची होती. एक जागा उरली होती. अहेरीनं कोणी पोरगी दिली नाही तर ती आरमोरी तालुक्याकडे जाणार होती. सर दुकानात आले, चहा प्यायले आणि नाजियाचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. पुढच्या वर्षी ती चौदाच्या वर जाणार, तेव्हा या गटात जायची तिची ही शेवटचीच संधी, असंही म्हणाले. नाजिया आतल्या बाजूला बटणं लावत बसली होती.

कय्यूमभाई म्हणाला, "घरची पोर आहे म्हणून सांगतो, सर. तिचा शर्ट अजून नव्यासारखा आहे. द्या ती जागा आरमोरीवाल्याइले."

आरमोरीला जागा द्यायची या कल्पनेनं खुशालभाऊसुद्धा दुखावला. पण कय्यूमभाईपुढे कोण बोलणार. सरांनी मान हलवली. नाजियानं हातातलं बटण लावून पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि ती घरी गेली. रिकामा डबा तिथंच राहिला.

संध्याकाळी कय्यूमभाई तो डबा घेऊन घरी आला. नाजिया मागल्या खोलीत अभ्यास करत होती, किंवा पुस्तक उघडं ठेवून बसली होती. त्याची बायको सईदा हिनं एक उलटा केलेला शर्ट आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे पाहा," ती म्हणाली.

"कोणाचा आहे?"

"गिऱ्हाइकाचा समजा."

कय्यूमभाईनं चष्मा लावला. शाळेचं कापड, शाळेचा शर्ट. असे त्यानं किती शिवले होते. उजव्या खांद्यावर बोट फिरवलं आणि तो सरसावून बसला. शिवण उसवून पुन्हा हातानं घातली होती, एकदा नाही, अनेकदा. खालचे टाके लांब आणि वाकडे, त्यावरचे जरा बरे, वरचे अगदी बारीक, बखियासारखे. शेवटी कापड दम धरेना तेव्हा आतून पट्टी लावली होती आणि ती पट्टीही एका कडेला उसवली होती. डावं कोपर आतून ठिगळलेलं.

"बापरे," तो म्हणाला. "मंगलीपेक्षा लांब फेकत असन ही. अन पडते ते डाव्या अंगावर, म्हणजे फेकायचा हात वाचवून पडते. डोकं आहे पोरीले. कोणत्या शाळेची आहे? हिले काऊन कोणी घेतली नाई?"

त्यानं कॉलर वळवली. कॉलरच्या आत हिरव्या दोऱ्याचे दोन टाके होते. घरच्यांचे कपडे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून तो स्वतःच ही खूण घालत असे.

बराच वेळ त्यानं कॉलर सोडली नाही. मग त्यानं विचारलं की हा दुकानात काऊन नाही आला.

"टेलरची पोरगी फाटकी फिरते असं लोकाइनं म्हणू नाई, म्हणून मीच तिले म्हटलं होतं, घरीच शिवत जा. मले काय मालूम, तुम्ही फाटके कपडे पाहून पोरी निवडता." सईदा तिथंच खाली बसली. "पहिले टाके वाकडे होते. आता पाहा कसा हात बसला. तुमच्यासारखाच घालते."

मागल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला. फार मोठा आवाज होता, पुस्तकाच्या मानानं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं यादी जाणार होती. सर पाकीट मुखरूभाऊच्या हातात द्यायला स्टँडवर आले तेव्हा कय्यूमभाईनं त्यांना दुकानात ओढलं आणि नाजियाचं नाव घाला म्हणून सांगितलं. सर गोंधळले.

"कय्यूमभाई, काल तुम्हीच नाई म्हणाले. आज बाप बोलून राह्यला का टेलर?"

"काल बाप बोलला, सर. आज टेलर बोलून राह्यला." आणि त्यानं तो शर्ट उलटा करून टेबलावर पसरला.

सर, आधीच येऊन बसलेला खुशालभाऊ आणि बस सोडून आत आलेला मुखरूभाऊ, तिघंही वाकले. खुशालभाऊनं रोपाची मुळं बघावीत तसा खांदा बघितला. मुखरूभाऊनं पट्टी ओढून पाहिली. सरांचं मन झालं होतं, पण त्यांची अडचण निराळी होती: पुठ्ठ्यावर नसलेली पोरगी त्यांनी आजवर कधी पाठवली नव्हती, आणि आता पाठवली तर जबाबदारी एकट्याची झाली असती. कय्यूमभाईला ते कळलं. नियमाप्रमाणे तो स्वतः तिला घेऊ शकत नव्हता.

"खुशालभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही घ्या तिले. बदल्यात मंगली नेऊन टाका."

मंगली म्हणजे निम्मे गुण. समोर बस भरून उभी होती, ड्रायव्हर हॉर्न दाबत होता आणि खिडकीतून बाजाराला निघालेल्या शकुबाईनं विचारलं, "ओ कंडक्टरभाऊ, लग्न जुळवून राह्यले का तिकडं? मुहूर्त टळून राह्यला आमचा."

भला माणूस असता तर खुशालभाऊ म्हणाला असता की मंगली राहू दे, नाजियाला मी तशीच घेतो. खुशालभाऊ भला माणूस होता, पण तीन वर्षं हरलेला होता. त्यानं दोघींनाही घेतलं. सरांनी पाकीट फोडलं, नाव घातलं, कय्यूमभाईनं ते दोन टाके घालून पुन्हा बंद केलं, आणि बस सुटली.

दुपारी नाजिया डबा घेऊन आली. यावेळी तिनं पुठ्ठ्याकडे सरळ पाहिलं. खुशालभाऊच्या नावाखाली मंगली होती आणि तिच्याखाली ती स्वतः. अब्बांच्या नावाखाली खाडाखोड होती. ती बराच वेळ वाचत राहिली.

"अब्बा, मंगलीले काऊन सोडलं?"

"सौदा चांगला होता," कय्यूमभाई म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला. तो काही लवकर ओवला गेला नाही. शेवटी तिनंच ओवून दिला.

चंद्रपूरला जिल्ह्याची टीम दुसऱ्याच सामन्यात हरली. तरी नाजियानं मैदानाच्या पार टोकावरून फेकलेल्या एका चेंडूवर नागपूरची पोरगी बाद झाली. हा चेंडू मुखरूभाऊनं पाहिलेला नव्हता, पण बसमध्ये तो त्याचं वर्णन करी आणि आलापल्ली येईस्तोवर अंतर वाढत जाई. कय्यूमभाई त्या वर्षी पहिल्यांदा हरला. सईदानं बिर्याणी केली. मुखरूभाऊसाठी वेगळ्या पातेल्यात वांगी होती. खुशालभाऊनं बिर्याणी दोनदा वाढून घेतली आणि नाजियासमोरच सगळ्यांना सांगितलं की पोरगी ओळखायला नजर लागते. कय्यूमभाई म्हणाला, खरं आहे.

चंद्रपूरहून आल्यानंतरच्या सोमवारी नाजिया शाळेत जाताना दुकानाशी थांबली. तिनं पिशवीतून शर्ट काढला. पट्टी पार निघून उजवा खांदा बगलेपर्यंत उघडा पडला होता. तिनं तो अब्बांच्या हातात दिला नाही, दुरुस्तीच्या ढिगावर, सगळ्यांच्या कपड्यांवर नीट घडी करून ठेवला. नंबर लागल्यावर शिवा, घाई नाई, असं म्हणून गेली.

कय्यूमभाईनं तो ढिगातून उचलला आणि दाराशी जिथं तो आपलं सगळ्यांत चांगलं काम टांगतो त्या खुंटीवर, उसवलेला खांदा रस्त्याकडे करून, लावला. बाजाराच्या दिवशी येणारे-जाणारे थांबून विचारत, भाऊ, हा फाटका काऊन लावला इथी?

"शिवायचा आहे," कय्यूमभाई सांगे. पण खाली काढत नसे.