टॉवेलच्या हत्तीचे गुरू

आमच्या रिसॉर्टच्या नियमांच्या वहीत लिहिलंय की प्रत्येक पलंगावर टॉवेलचा हंस असावा. माझ्या हंसाची मान पाच मिनिटांत पडते आणि पाहुण्यांना वाटतं, खोलीत काहीतरी मेलंय. म्हणून मी हत्ती करतो. हत्तीकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नसतात.

रिसॉर्टच्या कुंपणापलीकडे दरवर्षी पारंपरिक हस्तकलांचा मेळा भरतो. तिथे माझे भाऊजी लाकडाचे हत्ती कोरून विकतात, म्हणजे कोरतात. बारा वर्षं त्यांचा स्टॉल स्वच्छतागृहाच्या मागे आहे. तिकडे येणारं गिऱ्हाईक येताना भलत्याच घाईत असतं, आणि जाताना ओल्या हातांनी हत्ती उचलून पुन्हा ठेवून देतं.

परीक्षक ज्या कारागिराला निवडतात, त्याला फाटकाजवळचा स्टॉल कायमचा मिळतो. यंदा ताईने निर्वाणीचं सांगितलं, तो मिळाला नाही तर कोरायच्या पटाशा गुंडाळायच्या आणि भाऊजींनी आमच्या रिसॉर्टच्या लाँड्रीत कामाला लागायचं. भाऊजींची पटाशी घसरली. हातातल्या हत्तीचा एक कान कायमचा गेला.

तिन्ही परीक्षक माझ्याच, म्हणजे मी खोल्या आवरतो त्या दुसऱ्या मजल्यावर उतरले होते.

"प्रत्येकाच्या खोलीत यांचा एकेक हत्ती ठेव," ताई म्हणाली.

"ताई, ही लाच झाली."

"जी वस्तू कुणी विकत घेत नाही, ती लाच कशी होईल?"

मी टेबलांवर लाकडाचे हत्ती ठेवले आणि सवयीने पलंगांवर टॉवेलचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य परीक्षक बाई दोन्ही हातांवर हत्ती घेऊन जिना उतरल्या, नवजात बाळ बाहेर दाखवायला आणावं तशा. हत्ती टॉवेलचा होता.

"हा कुणी केला?"

"मी. टेबलावरचा पाहिलात का?"

"त्याच्या सोंडेवर मी मोजे वाळत घातलेत. पण हा बघा. एक टाका नाही, डिंक नाही. कुठली परंपरा ही?"

"दुसरा मजला," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. "आणि गुरू?"

माझं डोकं आयुष्यात एकदाच वेळेवर चाललं, ते तेव्हा.

"माझे भाऊजी. स्वच्छतागृहाच्या मागे बसतात."

बाईंचे डोळे भरून आले. "खरे कलावंत असेच कुठेतरी मागे बसलेले असतात. उद्या दहाला त्यांच्या हातचा एक बघायला येते."

भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टॉवेल दोन बोटांत धरून उचलला.

"सागवान कोरणाऱ्या माणसाने आता अंग पुसायचं कापड दुमडायचं?"

"दुमडा," ताई म्हणाली.

दुपारभर शिकवणी चालली. भाऊजींचा पहिला हत्ती उशीसारखा झाला. दुसरा, उशीवर कुणीतरी बसल्यासारखा. "याला रेषा नाही, गाठ नाही. धरायचं कुठे माणसाने?" असं म्हणत त्यांनी टॉवेल माझ्या तोंडावर फेकला. मग न खपलेल्या हत्तींच्या ढिगातून एक ओढला, टॉवेल समोर टांगला आणि पटाशी घेतली.

दुसऱ्या दिवशी दहाला स्टॉलवर एक पांढराशुभ्र रंगवलेला हत्ती उभा होता. घड्या, सुरकुत्या, काठाची शिवण, एका कोपऱ्यात सुटलेला धागा. पोटाखाली "रिसॉर्टची मालमत्ता" असा शिक्काही होता, कारण भाऊजी नक्कल करतात तर पूर्ण करतात.

बाईंनी बोटाने टकटक केलं. "फार कडक आहे."

"खळ घातलीय," मी म्हणालो.

बाई त्याच्याभोवती दोनदा फिरल्या. मग त्यांनी भाऊजींचा हात हातात घेतला. "तुम्ही हे कापडात केलंत. लाकडात हे कुणाच्या बापाला जमलं नसतं."

बारा वर्षांत भाऊजींच्या कोरीव कामाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. ते खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ताईने त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि तो फाटकाजवळच्या स्टॉलच्या कागदावर सही होईपर्यंत काढला नाही.

नव्या जागी पहिल्याच तासाला कोरड्या हातांची एक बाई आली. तिने हत्ती उचलला, वजनाने जराशी वाकली.

"धुतल्यावर आकार राहतो ना?"

भाऊजींनी ताईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं.

"राहतो," ते म्हणाले. "फक्त पिळू नका."