दगड कोणाचे?

ऐकू येतंय ना? मी भोंगा बोलतोय, पोलिसांच्या हातात असतो तो. जन्म कारखान्यातला, पण आयुष्य गेलं जीपच्या मागच्या सीटवर. "मागे व्हा", "रस्ता मोकळा करा" यापलीकडे मला कोणी फारसं बोलू दिलं नाही. माझ्या तोंडून माणसं गोड बोलतच नाहीत.

त्या दिवशी सरकारी रुग्णालयासमोर नर्सांचा मोर्चा होता. अख्ख्या वॉर्डाला रात्री एकच नर्स ठेवत होते, म्हणून. सकाळभर घोषणा झाल्या, गाणी झाली. दुपारी गर्दीच्या मागून दगड यायला लागले. एका शिपायाचं कपाळ फुटलं.

मी इन्स्पेक्टर बाईसाहेबांच्या हातात होतो, बंदोबस्त त्यांचाच. त्यांचे दुय्यम साहेब लालबुंद झाले होते.

"हुकूम द्या, आत्ता चौक रिकामा करतो."

"तेच हवं असेल कोणाला तरी," बाईसाहेब म्हणाल्या. "आपण नर्सांना झोडपायचं आणि उद्या सगळा गाव पेटायचा. तो पलीकडचा कॅमेरेवाला बघ, दगड पडायच्या आधीपासून रोखून उभा आहे."

"कॅमेरेवाले उभेच असतात! माणसं चिडली की दगड मारतात. प्रत्येक वेळी कट कुठला काढायचा? आणि आपल्या पोराच्या कपाळाचं काय?"

बाईसाहेबांनी जखमी शिपायाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलं तर काचा फुटतील. तुझं चुकलं तर डोकी. थांब जरा."

शिरस्त्राण काढून, मला घेऊन त्या एकट्याच मधल्या मोकळ्या जागेत गेल्या. समोरून मोर्चाची पुढारी, मोठी सिस्टर, तरातरा आली.

"ही तुमचीच माणसं ना? आमच्यात घुसवलीत, आम्हाला झोडायला निमित्त हवं म्हणून!"

बाईसाहेब बघतच राहिल्या. "अहो, मी तर ती तुमची समजत होते. नाहीतर कोणीतरी पाठवलेली."

मग बाईसाहेबांनी मला सिस्टरच्या हातात दिलं. "तुमचं ऐकतील. बोला."

सिस्टर माझ्या तोंडून ओरडली, "ज्यांनी वॉर्डात रात्री काढल्यात त्या सगळ्यांनी खाली बसा!"

सगळा चौक बसला. मागे मूठभर माणसं तेवढी उभी राहिली, हातात दगड घेऊन, उघडी पडल्यासारखी. त्यांनी दगड टाकले आणि काढता पाय घेतला. एकजण मात्र जागचा हलला नाही. शिपायांनी धरल्यावर तो ढसाढसा रडू लागला. त्याची आई त्याच रुग्णालयात वारली होती. रात्री हाका मारत होती, आणि कोणी आलं नव्हतं.

सिस्टरने त्याला शेजारी बसवून पाणी दिलं. "म्हणूनच तर बसलोय रे आम्ही," ती म्हणाली.

"बघा, याला कोणी पाठवलं नव्हतं," दुय्यम साहेब हळूच म्हणाले.

"नव्हतं. पळाले त्यांचं माहीत नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "पण लाठी चालवली असती तर पहिली यालाच बसली असती."

दुय्यम साहेबांनी मोठा श्वास सोडला आणि जखमी शिपायाला टाके घालायला आत नेलं. टाके मोर्चातल्याच एका नर्सने घातले. पळालेले कोण होते, ते आजवर कळलेलं नाही. पण संध्याकाळी जो तो आपल्या पायांनी घरी गेला.

आता माझा खटका सैल झालाय, आवाजात खरखर शिरलीय. नवा भोंगा आलाय, मी कपाटात वरच्या फळीवर असतो. जागा बरी आहे, तक्रार नाही. त्या नव्याला हाती धरणाऱ्यांना एवढंच सांगायचंय: चौक तापला की त्याला घडीभर समोरच्याच्या हातात देऊन बघा. हात आखडू नका.