दोन्ही कान दिसले पाहिजेत

"हनुवटी खाली. अजून थोडी. खांदे सरळ," मी म्हणालो.

"बाबा, आम्ही ओळखपत्राच्या फोटोला बसलो नाही आहोत!" मुंगी वैतागली, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने हसू दाबलं. मला ते दिसलं. सगळं आयुष्य लोकांच्या तोंडाकडे बघण्यात गेलं की दाबलेलं हसू बरोबर दिसतं.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. लहानपणी घरातली दिसेल ती वस्तू उचलून भलतीकडे नेऊन ठेवायची, म्हणून हे नाव पडलं. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींसमोर हिने परस्पर जाहीर करून टाकलं, "आमचे लग्नाआधीचे फोटो माझे बाबाच काढणार." माझी कॉलर ताठ झाली. पण बाईसाहेबांनी जागा निवडली ती ही. गावाबाहेरचा जुना बंगला, कुणा न्यायाधीशाने बांधलेला, त्याच्यामागे सांभाळणारं कुणी उरलं नाही. छप्पर गेलंय, भिंतीतून झाड उगवलंय. दिवाणखान्यातून एक दगडी जिना वर चढतो आणि मधेच संपतो, कारण वरचा मजलाच शिल्लक नाही. या जिन्यावर फोटो काढायची हल्ली टूम निघाली आहे. ओसाड बंगला म्हणे! जिन्यासमोर रांग लागली होती. मुली चपला हातात घेऊन, झग्यांचे घोळ सावरत, आपला नंबर कधी येतो याची वाट बघत उभ्या होत्या.

माझा स्टुडिओ पासपोर्ट कचेरीच्या समोर. तिथे फोटो नापास झाला की गिऱ्हाईक येऊन आमच्या डोक्यावर बसतं. त्यामुळे नियम हाडीमासी मुरले आहेत. मान सरळ, तोंड मिटलेलं, दात नाहीत, दोन्ही कान दिसले पाहिजेत. माझा एकही फोटो आजवर परत आलेला नाही, आणि याची मला ऐट आहे, लपवत नाही.

लग्नानंतर ही दोघं परदेशी जाणार. तिथे त्यांच्या घरात, भिंतीवर, एक तरी फोटो माझ्या हातचा लागावा एवढीच माझी इच्छा होती. आणि नेमका तोच फोटो काही केल्या निघत नव्हता.

"काका, असं काहीतरी हवंय," मुलाने फोन पुढे केला. फोनमध्ये कुणी एक मुलगा मुलीच्या कानात काहीतरी सांगत होता. मुलीचं तोंड केसांनी पार झाकलेलं.

"यात मुलगी कोण आहे ते कळणार कसं?"

"कळायला नकोच आहे ना काका. फील महत्त्वाचा."

"फील आला, पण माणूस कुठे गेलं?"

"बाबा!" मुंगी म्हणाली.

बरं, म्हटलं, तुमच्या मनासारखं. "तुम्ही आपापसात बोला. मी आहे असं समजूच नका." दोघं पायरीवर बसली. तो काहीतरी पुटपुटला, ती खळखळून हसली, केसांची बट गालावर आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "केस मागे घे, कान झाकलाय!"

हसू गेलं. दोघं ताठ झाली. मी खटका दाबला आणि पडद्यावर पाहिलं. नोकरीच्या मुलाखतीला आलेले दोन उमेदवार जिन्यावर बसले होते.

"काका, आवरा ना जरा, उजेड चाललाय," मागच्या जोडप्याचा फोटोग्राफर म्हणाला. अंगावर दोन कॅमेरे, गुडघ्यावर फाटलेली पॅन्ट.

"उजेड तू घरून आणलायस का?"

मुंगीने डोळे वटारले. अगदी आईसारखे. "बाबा, चिडू नका हं तुम्ही."

"मी चिडलेलोच नाहीये!" हे मी इतक्या जोरात सांगितलं की भिंतीवरची सगळी कबुतरं उडाली.

मुलगा स्वभावाने चांगला आहे, खरी अडचण तीच. उर्मट असता तर रागावता तरी आलं असतं. त्याने मला पाणी दिलं, आणि मी पीत असताना हळूच त्या फाटक्या पॅन्टवाल्याच्या हातात आपला फोन दिला. "भाऊ, एक-दोन काढता का?" तो जमिनीवर आडवा पडला, काही सांगितलं नाही, चार वेळा बोट टेकवलं आणि उठला.

मी पाहिला तो फोटो. जिना जिथे संपतो तिकडे मुंगी बघत होती, तोंड उघडं टाकून हसत होती, एक कान गायब. मुलगा तिच्याकडे बघत होता. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोलू? नावं ठेवायलासुद्धा जागा नव्हती. भिंतीवर हाच लागणार हे मला कळून चुकलं.

"छान आलाय," मी म्हणालो, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बॅग भरायला लागलो. मला मनापासून वाईट वाटलं होतं. लेकीने एवढ्या विश्वासाने सांगितलेलं एक काम, आणि तेही जमू नये.

थोड्या वेळाने झगा गोळा करत मुंगी आली. "बाबा, पांढरी चादर आहे ना बॅगेत?"

"असतेच. तिचं काय?"

"माझा व्हिसाचा फोटो राहिलाय."

"समजूत काढू नकोस माझी. तो कुठेही निघतो."

"आणि परत आला म्हणजे? मला नाही बाबा रिस्क घ्यायची." हे बोलताना ती हसत नव्हती.

चादर बांधायला खिळा नव्हता, म्हणून मुलगाच दोन्ही हातांत ती वर धरून तिच्या मागे उभा राहिला. खाली त्याचे बूट तेवढे दिसत होते. "जावईबापू, अजून वर. सुरकुती नको." मुंगीने आपणहून केस दोन्ही कानांमागे घेतले, तोंड मिटलं, आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. दिवसभर जे सांगून सांगून घसा कोरडा पडला, ते न सांगता. भुवईजवळचा लहानपणीच्या खोकेचा व्रण दिसला. इतक्या जवळून, इतक्या सरळ मी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं, ते आठवेना.

मग तिचे डोळे भरून आले.

"पाणी नको," मी म्हणालो. "चालत नाही."

"माहितीये." लहानपणी पुसायची तसे तिने मनगटाने डोळे पुसले आणि पुन्हा सरळ पाहिलं. मी खटका दाबला. सगळ्या नियमांत बसलेला, कुठूनही परत न येणारा फोटो निघाला.

"काका, झालं का?" चादरीमागून आवाज आला. "हात भरून आले."

मुंगी हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"अजून नाही," मी म्हणालो. "जरा थांबा."