गुळवेलीची खळ

तळाशी बसलेला कुठलाही पांढरा साका म्हणजे खळच, हे लाँड्रीवाल्याच्या मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. मोरीजवळच्या पातेल्यात साका दिसल्यावर थोरल्याने विचार करण्याची तसदी घेतली नाही. वरचं पाणी ओतलं, साका कढत पाण्यात कालवला आणि हॉटेलच्या वेटरांचे पांढरे कोट त्यात बुचकळून वाळत टाकले.

ते आईने काढलेलं गुळवेलीचं सत्त्व होतं. मागच्या भिंतीवरची वेल तोडायची, सोलायची, ठेचायची, भिजत घालायची, कुस्करून फडक्यातून गाळायची आणि पाणी निवळेपर्यंत वाट बघायची. भारा कुटावा तेव्हा मूठभर हाती लागतं.

हा सगळा खटाटोप बाबांसाठी होता. ताप उतरून बरेच दिवस झाले तरी ते दुकानामागच्या खोलीत पडून असत. ‘आता आजार नाही, उठून कामाला लागा,’ असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी त्यातला पहिला भाग मान्य केला होता. खरी गोष्ट अशी, की त्यांचा उजवा हात थरथरत होता. ज्या हाताची घडी गावभर नावाजलेली, तो चार माणसांत थरथरलेला दिसण्यापेक्षा पांघरुणात बरा. आईला हे कळलं होतं. ती रोज काढा उकळत होती.

“कडू आहे,” म्हणत बाबा पेला सरकवायचे.

“इतकी वर्षं मला सोसलंत, हिने काय घोडं मारलंय?”

आईचा गुळवेलीवर डॉक्टरांपेक्षा जास्त भरवसा. अंगात कसर वाटली की काढा, खाज सुटली की पाल्याचा लेप, आणि कपड्यांची गाठोडी बांधायला सुतळी संपली की वेलीचाच दोर. खिडकीच्या गजाला टांगून ठेवलेल्या तुकड्यालाही मातीशिवाय पालवी फुटली होती. “हिला मरायचं कसं ते कळतच नाही,” असं बाबा म्हणाले, तेव्हा आई म्हणाली, “मग शिका की तिच्याकडून काहीतरी.”

काढा जाईना, म्हणून सत्त्व. आणि त्याचे आता कोट झाले होते.

“पातेलं कुणी घासलं?” आईने विचारलं.

“मी. खळ केली ना.”

“कशाची?”

आईचा चेहरा बघून थोरल्याला उत्तर मिळालं. मग पडद्याआड दोघांची कुजबुज सुरू झाली. “डोळे होते की बटणं?” “मला काय माहीत, खळ तिथेच असते!” “आता त्यांना काय देऊ, कोट?”

“खळीचं काय झालं?” आतून बाबांचा आवाज आला.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे पातळ झाली.”

पलंग करकरला. भिंत धरत बाबा पडद्यातून बाहेर आले, तेव्हा दोघं चोरासारखी उभी होती. बाबांनी दोरीवरच्या कोटाची कॉलर चिमटीत धरली, आणि खळ तपासायच्या जुन्या खोडीप्रमाणे तिला जीभ लावली.

“शी! नासलीय ही. शिवाय पातळ. हे घालून वेटर उभ्या उभ्या मिटतील.”

थोरल्याने खरं सांगायला तोंड उघडलं. आईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की ते मिटलंच.

“पीठच वाईट असेल,” ती म्हणाली.

“पिठाला बोल लावू नकोस. इस्त्री कुठाय? अजून ओलसर आहेत तोवर ओढले तर थोडे तरी उभे राहतील.”

बाबा टेबलाशी आले. इस्त्री उचलताना हात थरथरला. थोरल्याने कपाटाकडे तोंड केलं. पण ती जुनी, लोखंडाची, जड इस्त्री कापडावर टेकली आणि स्वतःच्या वजनाने स्थिर झाली. वर हात थरथरत होता, खाली घडी सरळ पडत होती. बाबा त्या घडीकडे बघत राहिले. मग थोरल्यावर ओरडले, “तिकडे काय बघतोस? दुसरा दे!”

आईने त्यांच्यामागे हळूच स्टूल सरकवलं. ते बसले नाहीत, पण ढकललंही नाही.

“अहो,” ती पुढचा कोट टेबलावर पसरत म्हणाली, “याचीही खळ बघून घ्या. मला तर जास्तच पातळ वाटतेय.”

बाबांनी कॉलर जिभेला लावली. तोंड वेडंवाकडं झालं. ते आईकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

“कडू,” ते म्हणाले.

“मग बाहीसुद्धा बघा.”

बाबांनी बाही ओढून घेतली.