दाराच्या स्विचवरची तार

"वहिनी, बंद करा! बंद करा!"

नणंद एक्स-रेच्या खोलीतून ओरडत बाहेर आली आणि मी लाल बटणावर अख्खा पंजा आपटला. तिच्या पाठीमागे दार सताड उघडं होतं. दार उघडं असताना मशीन सुरू झालंच कसं?

"आत काय करत होतीस तू?"

"पाइपवरचा, फिल्मवर जोडाचा नंबर उमटवणारा शिशाचा आकडा पडला होता. चिकटवायला परत गेले, तर मशीन सुरू झाल्याची घंटाच वाजली." बोलता बोलता तिनं पोटावर हात धरला.

आम्ही दोघी कारखान्यात वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढतो. ती पाइपवर फिल्म लावते, मी बाहेरून मशीन चालवते. आज सकाळीच चहा पिताना तिनं मला हळूच सांगितलं होतं की तिला दिवस गेलेत. इतकी वर्षं वाट बघून! उद्यापासून तिनं ऑफिसात बसायचं, हेही आम्ही ठरवलं होतं.

मी दाराचा स्विच बघितला. त्याची दोन टोकं तारेनं जोडलेली. म्हणजे दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटणार. असला उपद्व्याप करणारा माणूस मला चांगलाच ठाऊक होता.

"अहो! आधी इकडे या!"

आमचे हे, म्हणजे इथले इलेक्ट्रिशियन आणि नणंदेचे थोरले भाऊ, हात पुसत आले. "अगं, दार नीट लागत नव्हतं. मशीन सारखं बंद पडायचं. म्हटलं, तात्पुरतं..."

"तुमचं तात्पुरतं गेलं खड्ड्यात! बहीण आत होती तुमची."

"क्षणभरच ना? एवढं काय आकांडतांडव करतेस?"

"दिवस गेलेत तिला."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बहिणीकडे बघायची हिंमत होईना. मग चाचरत म्हणाले, "सकाळपासून मशीनमधली एक्स-रे ट्यूब कुरकुरतेय. कदाचित किरण निघालेच नसतील."

मी आतली फिल्म काढून आणली. दार रेटून लावलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. दिवा लागला, घंटा वाजली, पण करंटची सुई शून्यावरून हलेना. ट्यूबमधलं फिलामेंट गेलं होतं. ते तापलं तरच त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, समोरच्या धातूवर आदळतात आणि त्या धडकेतून एक्स-रे निघतात. फिलामेंटच जळालं तर धडक नाही, किरणही नाहीत.

"सुटलो बुवा!" हे म्हणाले.

"कसले सुटलो? ते जळालं कधी? ती आत जायच्या आधी, की मी बंद करताना? तेव्हा सुईकडे कुणी बघितलंय?"

आता सगळा भरवसा फिल्मवर. तिघंही डार्करूममध्ये शिरलो. लाल दिव्याखाली मी फिल्म डेव्हलपरच्या द्रावणात सोडली. किरण लागले असतील तर ती काळी पडणार. एरवी काळी व्हायला उशीर झाला की मी वैतागते. आज मनात म्हणत होते, होऊ नकोस गं बाई, होऊ नकोस. नणंदेनं माझा दंड इतका आवळला होता की हाताला मुंग्या आल्या.

कोपऱ्यात काळसर काहीतरी दिसलं.

"वहिनी..." तिनं तिकडे बोट दाखवलं.

मी हात मागे घेतला. सावली माझ्याच बोटांची होती.

वेळ भरली. फिल्म अजून पांढरटच. फिक्सरच्या द्रावणातून काढली, धुतली, दिव्यासमोर धरली. काचेसारखी स्वच्छ. पाइप नाही, जोड नाही, आकडा नाही. एक किरणसुद्धा लागला नव्हता.

नणंद मटकन स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मीही रडले. लाज कसली त्यात?

हे पक्कड घेऊन दाराशी गेले. पक्कड तारेवरून पुन्हा पुन्हा घसरत होती. मी मदतीला गेले नाही. डोकंच एवढं फिरलं होतं.

शेवटी नणंद उठली. भावाच्या हातातली पक्कड घेतली आणि तार कापून टाकली.

"दादा, उद्या माझ्या जागी दुसरी येईल," ती म्हणाली. "ती तुझी बहीण नसेल."

हे कानस शोधून घेऊन आले आणि खाली बसून ते न लागणारं दार घासायला लागले.