फळ्याला शिकवणारा पंडित

गाठींच्या गणितावर संशोधन करणाऱ्या त्या मुलीला कितीही गुंता चालत असे. पंडित मात्र चालत नसे. दोघं एकाच सरांचे विद्यार्थी. 'पंडित' हे टोपणनाव ज्याने ठेवलं, त्याने चेष्टेने ठेवलं होतं. पंडिताने ते मनावर घेतलं.

विभागाच्या खोलीत दोघंही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या अडचणी सोडवत. पंडिताकडे एक विद्यार्थिनी यायची. तिला ऐकू कमी यायचं, ओठ वाचून ती समजून घ्यायची. "सर, माझ्याकडे बघून बोलाल का?" तिने किती वेळा विनवलं. पंडित "हो हो" म्हणायचा आणि पाठ फिरवून "हे तर उघडच आहे" असं फळ्यालाच समजवायचा. शेवटी ती वही उचलून गाठींवाल्या मुलीच्या टेबलाशी आली.

पुढे व्याख्यात्याची जागा निघाली. उमेदवाराने 'सर्वांना सामावून घेणारं अध्यापन' यावर बोलायचं होतं. पंडित लाडीगोडी लावत आला.

"तुझ्याकडे ती कमी ऐकू येणारी येते ना? एखादा हृदयस्पर्शी किस्सा दे की."

"किस्सा तुझाच आहे. ती तुझ्याकडून उठून आलीय."

"अगं, असलं समितीला कसं सांगू?"

"सांग, मी फळ्याला शिकवतो. फळा अजून एकदाही नापास झालेला नाही."

पंडित हसला. त्याला टोमणासुद्धा कळला नाही, म्हणून तिला त्याची कीव आली, पण थोडीच.

भाषणाला ही आणि विद्यार्थिनी दोघी शेजारी बसल्या. पंडित पडद्याकडे वळला आणि वाचू लागला, "विद्यार्थ्याच्या डोळ्यांत बघून शिकवावं..." सगळं भाषण त्याच्या पाठीने ऐकवलं.

"काय म्हणाले?" विद्यार्थिनीने खुणेने विचारलं.

हिने तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत, शब्दन् शब्द सांगितला. विद्यार्थिनी इतक्या मोठ्याने हसली की समिती वळून बघू लागली. पंडिताला वाटलं, दाद मिळाली. त्याने मान झुकवली.

जागा त्यालाच मिळाली.

"तूही जरा गोड बोलायला शीक," सर म्हणाले.

"हो सर," ती म्हणाली. मनात म्हणाली, गोड बोलणाऱ्यांची इथे काय टंचाई आहे!

खोलीत विद्यार्थिनी गणित मांडून बसलीच होती. हिने खुर्ची तिच्यासमोर ओढली.

"बघू. अगं बाई, उणे चिन्ह कुठे हरवलंस?"